पायथन चालेना: दुरुस्त करायचं की काढून परत टाकायचं?

सांगलीत विश्रामबागेतल्या एका डिप्लोमावाल्याची अडचण: कमांड प्रॉम्प्टवर ‘पायथन’ टाकलं की मायक्रोसॉफ्ट स्टोअर उघडतं. आधी नुसतं ‘पाय’ (py) टाकून बघा. >>> ही खूण आली तर पायथन जागेवर आहे, पाथमध्ये (विंडोज कमांड जिथं शोधतं त्या फोल्डरांच्या यादीत) नाही.

वेळ: दुरुस्तीला पाच मिनिटं. कंट्रोल पॅनेलमध्ये पायथन निवडून ‘चेंज’, मग ‘मॉडिफाय’, ‘नेक्स्ट’, आणि एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबल्सवर टिक. तरीही स्टोअरच येत असेल तर सेटिंग्जमधल्या ॲप एक्झिक्युशन अलायसेसमध्ये पायथनची बटणं बंद करा. कमांड प्रॉम्प्ट मात्र नवा उघडा. आधीच उघडलेल्याला बदललेला पाथ कळत नाही. बरेच जण इथंच डोकं फोडतात.

डेटा: इन्स्टॉलर तीसेक एमबीचा, पाटणला हॉटस्पॉटवरही उतरेल.

पॅकेजेस: दुरुस्तीत शाबूत. ३.११ आवृत्ती काढून ३.१२ टाकली तर पांडाससारख्या वरून टाकलेल्या लायब्ररींपासून सगळं परत. म्हणून काढण्याआधी ‘पिप फ्रीझ’ (pip freeze) या कमांडनं येणारी पॅकेजेसची यादी फाइलमध्ये ठेवा. इन्स्टॉलरच्या पहिल्याच पानावर तळाशी असलेली पाथची टिक विसरलात तर पुन्हा तेच रडगाणं.

परीक्षा तोंडावर असेल तर दुरुस्तीच. तीन-चार आवृत्त्यांची खिचडी झाली असेल, किंवा चुकून ३२ बिट बसलं असेल (त्यावर टेन्सरफ्लो हे मशीन लर्निंगचं पॅकेज बसतच नाही), तर सरळ काढून टाका आणि ६४ बिट घ्या.