मॅरेथॉनचा सराव: ग्रुपबरोबर की एकट्यानं?

जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनला नाव नोंदवलंय, म्हणजे सप्टेंबरपासून सोळा-अठरा आठवडे पळणं आलं. पहिले तीन आठवडे हौसेवर निघतात. पुढं पहाटे पाचला गजर होतो, साताऱ्याचा पाऊस पत्र्यावर वाजत असतो आणि पांघरूण काही सुटत नाही.

अशा वेळी ग्रुपला तोड नाही. पोवई नाक्यावर चार जण आपली वाट बघत थांबलेत, एवढ्यावर माणूस बूट चढवतो. याला प्रेरणा म्हणा नाहीतर लाज. यवतेश्वरचा घाट चढतानाही तेच. एकटे असलो की दुसऱ्या वळणाला चालायला लागतो, पुढच्याची पाठ दिसत असली की ओढत नेतो. (नंतरच्या चहा-पोह्यांना पळण्यापेक्षा जास्त वेळ लागतो, तो हिशेबात धरा.) अंधारात, धुक्यात घाटात तर एकट्यानं जाऊच नये.

पण ग्रुपची खोट पेसमध्ये, म्हणजे पळण्याच्या वेगात आहे. निम्म्याहून जास्त सराव बोलता बोलता पळता येईल इतका सावकाश हवा. चौघं जमले की त्याची शर्यत होते. शिवाय इथल्या बहुतेकांचं लक्ष्य सातारा हिल मॅरेथॉन. ती २१ किलोमीटरची, अर्धी कासच्या रस्त्यानं चढ आणि अर्धी उतार. मुंबईला ४२.१९५ किलोमीटर, आणि पेडर रोडचा चढ सोडला तर बराचसा सपाट रस्ता. दर रविवारी घाट उतरून मांड्या ठणकवून घेण्यात तुमचा फायदा थोडा. हिल मॅरेथॉन पावसाळ्याच्या अखेरीस उरकते, आणि दिवाळीपर्यंत ग्रुप विरळ होतो. तुमचे ३० किलोमीटरचे रविवार मात्र त्यानंतरच सुरू होतात!

एकट्याच्या सरावात पेस आपला, वेळ आपली. एमआयडीसीत शिफ्ट ड्युटी असेल तर दुसरा पर्यायही नाही. शर्यतीत तिसाव्या किलोमीटरच्या आसपास अंगात साठवलेली साखर संपत येते, तेव्हा हजारोंच्या गर्दीतही आपण एकटेच असतो. त्याची सवय एकट्यानं पळूनच होते. धोका एकच. एक दिवस बुडाला की चार बुडतात, आणि विचारणारं कुणी नसतं. भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल फुली मारत गेलात तर घरचे विचारतात, तेवढाच आधार.

माझं मत विचाराल तर मंगळवार-गुरुवार ग्रुपबरोबर, रविवारचा लाँग रन एकट्यानं, घाट सोडून संगम माहुलीच्या बाजूला. शेवटच्या टप्प्यात धाकट्या भावाला पाणी घेऊन स्कूटरवर मागं ठेवा. जिमचे पैसे भरून महिन्यात सोडणाऱ्यांतले असाल, किंवा पहाटे एकटीनं निघणं सुरक्षित वाटत नसेल, तर सगळाच सराव ग्रुपबरोबर करा. फक्त ग्रुपमध्ये जाण्याआधी विचारून घ्या, डिसेंबरात ३० किलोमीटर पळणारे किती जण आहेत. दोन हात वर आले तरी पुष्कळ.