जॅक्सबीची ॲनोटेशन्स: नऊ महिने वापरल्यावर

एका दूध संघाच्या बिलिंगचं सॉफ्टवेअर मी सांभाळतो. दर दहा दिवसांनी उत्पादकांचा दुधाचा पगार होतो. तो थेट खात्यात टाकायचा तर बँकेला आयएसओ २००२२ या बँकांच्या संदेशांच्या मानकातल्या ‘पेन.००१’ नमुन्याची एक्सएमएल फाईल द्यावी लागते. गेल्या जूनपर्यंत ही फाईल आम्ही स्ट्रिंगला स्ट्रिंग जोडून बनवत होतो. एखाद्या फार्मच्या नावात ‘अँड’चं ते वळणदार चिन्ह आलं की फाईल मोडायची. शेवटी कंटाळून जॅक्सबी घेतलं. ही जावाची लायब्ररी: क्लासवर ॲनोटेशन, म्हणजे @ने सुरू होणाऱ्या खुणा, लावल्या की ऑब्जेक्टमधून एक्सएमएल बनवते आणि एक्सएमएलमधून ऑब्जेक्ट.

पहिले दोन आठवडे फार सुखाचे गेले. क्लासमध्ये प्रॉपर्टीचं नाव आपल्याला कळेल असं, ‘बेनिफिशियरी-नेम’. वर @एक्सएमएल-एलिमेंट लावून त्यात बँकेला हवं ते ‘एनएम’ लिहायचं, काम झालं. बँकेच्या नमुन्यातली बहुतेक नावं अशीच स्वर गिळलेली असतात, ती आपल्या कोडभर पसरत नाहीत. रकमेच्या टॅगमध्ये आत आकडा आणि टॅगवर चलनाचा ॲट्रिब्यूट लागतो. त्यासाठी दोन प्रॉपर्टींचा छोटा क्लास केला, एकीवर @एक्सएमएल-व्हॅल्यू, दुसरीवर @एक्सएमएल-ॲट्रिब्यूट. अँडचं चिन्ह वगैरे लायब्ररी आपोआप सांभाळते.

एक्सएसडीवरून, म्हणजे नमुन्याचे नियम लिहिलेल्या स्कीमा फाईलवरून, क्लास आपोआप तयार करणारं एक्सजेसी का नाही वापरलं, असं कुणी विचारेलच. वापरून पाहिलं. त्यातून ‘पार्टी-आयडेंटिफिकेशन-३२’ असल्या नावांच्या क्लासचा ढीग निघाला. आम्हाला लागणारे टॅग मोजून पंचवीसएक. हाताने लिहिलेले सात क्लास नवीन मुलालाही वाचता येतात. अख्खा नमुना लागत असेल तर मात्र एक्सजेसीच घ्या, हाताने लिहायच्या भानगडीत पडू नका.

सुरुवातीला ठेच लागली ती ॲनोटेशन कुठे लावायचं यावरून. काहीच सांगितलं नाही तर जॅक्सबी पब्लिक गेटर-सेटरच्या जोड्या उचलतं. मी ॲनोटेशन लावलं होतं फील्डवर, म्हणजे क्लासच्या आतल्या व्हेरिएबलवर, त्यामुळे जॅक्सबीने दोन्ही मोजले. मग ‘एकाच नावाच्या दोन प्रॉपर्टी आहेत’ अशी तक्रार घेऊन एक्सेप्शन हजर. क्लासवर @एक्सएमएल-ॲक्सेसर-टाइप लावून ‘फील्ड’ म्हटलं की प्रश्न मिटतो. आता प्रत्येक क्लासची पहिली ओळ तीच असते.

क्रमाचंही तसंच. बँकेच्या एक्सएसडीत आधी घेणाऱ्याची बँक, मग त्याचं नाव, मग खातं, असा पक्का क्रम आहे. जॅक्सबी मात्र आपणहून कुठल्याही क्रमाची हमी देत नाही. @एक्सएमएल-टाइपमध्ये प्रॉप-ऑर्डर लिहावा लागतो, आणि तिथे टॅगचं नाव चालत नाही, जावातल्या प्रॉपर्टीचंच नाव लागतं. यात माझी एक दुपार गेली.

पण खरा दणका बसला नोव्हेंबरात. संघाचे अकाउंटंट काका फोनवर म्हणाले, “अहो, फाईल परत आली. मागच्या पगाराला तर सरळ गेली होती. तुम्ही काही बदललंत का?” मी काहीच बदललं नव्हतं. फाईल उघडली. एकेका उत्पादकाची रक्कम बरोबर होती. वरच्या भागात एकूण बेरजेचा टॅग असतो, त्यात १०२३७४५६.४० हवं होतं. तिथे होतं १.०२३७४५६४, त्याला चिकटून इंग्रजी ई, आणि पुढे ७.

प्रत्येक रक्कम मी बिगडेसिमलमध्ये, म्हणजे दशांश अचूक ठेवणाऱ्या जावाच्या प्रकारात, ठेवली होती. बेरीज मात्र ‘नुसती एक ओळ तर आहे’ म्हणून डबल या साध्या अपूर्णांकाच्या प्रकारात. जावाचा डबल एक कोटीला पोचला की घातांकात छापला जातो, आणि जॅक्सबी तो तसाच टॅगमध्ये ठेवतं. एक्सएसडीच्या डेसिमल प्रकाराला ई चालत नाही. जूनपासून कृश काळ होता, पगाराची बेरीज सत्तर-ऐंशी लाखांवर कधी गेलीच नाही. दिवाळीनंतर दूध वाढलं, कोटीची रेघ ओलांडली आणि फाईल पडली. टेस्टमध्ये तर मी पाच उत्पादक घेऊन बसलो होतो! पैशाला डबल लावायचा नाही हे कॉलेजात शिकवलेलं असतं, त्यामुळे दोष लायब्ररीला देत नाही. प्रॉपर्टी बिगडेसिमल केली, फाईल गेली. त्या दिवसापासून फाईल बाहेर पडण्याआधी मार्शलरला, म्हणजे जॅक्सबीच्या एक्सएमएल लिहिणाऱ्या भागाला, स्कीमा देऊन तपासणी करतो. ते पहिल्या दिवशीच करायला हवं होतं.

उलट बाजूचा, म्हणजे फाईल वाचण्याचा अनुभव जरा भीतीदायक आहे. बँकेकडून ‘पेन.००२’ ही उत्तराची फाईल येते. तिच्यातल्या कारणाच्या टॅगचं नाव मी एका अक्षराने चुकवलं होतं. एक्सेप्शन नाही, वॉर्निंग नाही. अनोळखी टॅग जॅक्सबी गुपचूप सोडून देतं आणि आपली प्रॉपर्टी नल, म्हणजे रिकामी, राहते. पेमेंट का नाकारलं तो रकाना स्क्रीनवर तीन आठवडे रिकामा होता, आणि सगळ्यांना वाटत होतं की बँक कारण कळवतच नाही. अनमार्शलरला, म्हणजे वाचणाऱ्या भागाला, स्वतःचा इव्हेंट हँडलर (अडचण आली की बोलावला जाणारा कोड) लावला तर असे टॅग कळतात. तो लावल्याशिवाय काहीही वाचू नका.

तारखेसाठी लोकल-डेट या जावाच्या प्रकाराचा ॲडॉप्टर, म्हणजे रूपांतर करणारा क्लास, लिहावा लागला, दहा ओळींचं काम. जॅक्सबीचा कॉन्टेक्स्ट, म्हणजे क्लासची माहिती धरून ठेवणारा ऑब्जेक्ट, एकदाच बनवून ठेवा, तो बनवणं महाग पडतं.

जानेवारीत जावा ८ वरून १७ वर आलो. जावा ११ पासून, म्हणजे २०१८ पासून, जॅक्सबी जावासोबत येत नाही, डिपेंडन्सी वेगळी घालावी लागते. ते माहीत होतं. पॅकेजचं नाव जावाएक्सवरून जकार्ता झालंय, तेही वाचलं होतं. तरी एका क्लासमध्ये जुना इम्पोर्ट राहिला. एरर काय, तर ‘@एक्सएमएल-रूट-एलिमेंट नाही’. समोर दिसतंय की ते ॲनोटेशन! शेजारच्या सहकाऱ्याला बोलावून दाखवलं, तोही डोकं खाजवत बसला. नव्या रनटाइमला जुन्या पॅकेजचं ॲनोटेशन दिसतच नाही, हे कळायला चहाचे दोन कप गेले.

बदलायचा विचार नाही. परवाच्या पगाराची बेरीज एक कोटी अठरा लाखांची होती. काकांचा फोन आला, मी धसकलो, पण ते एका उत्पादकाच्या चुकलेल्या खाते क्रमांकाबद्दल बोलत होते. कारणाच्या रकान्यात वाचून.