रोज एक वस्तू, वीस रेखाटनं : आठ महिन्यांनंतर

लोगोसाठी काही सुचेना झालं की मी तासन्‌तास इतरांचे लोगो चाळत बसायचे, आणि मग जे सुचायचं ते त्यांच्याचसारखं असायचं. ही खोड मोडावी म्हणून आठ महिन्यांपूर्वी एक पद्धत धरली. रोज हाताशी असलेली एक साधी वस्तू घ्यायची आणि संगणक न उघडता तिची वीस रेखाटनं करायची. साहित्य म्हणजे बिनरेघी वही आणि जाड टोकाचं काळं पेन. आजारपणाचे, गडबडीचे आणि सरळसरळ कंटाळ्याचे दिवस सोडले तर एकशे सत्तरच्या आसपास वस्तू झाल्या. त्यांतून गिऱ्हाइकापुढे ठेवण्याजोग्या सहा कल्पना निघाल्या, पसंत पडल्या चार.

पहिला महिना जवळजवळ वाया गेला. कात्री घेतली आणि वीस कात्र्या काढल्या, एकीपेक्षा एक सुबक. चित्रकलेच्या वहीत शोभल्या असत्या. लोगो एकही नव्हता. दुसरी चूक म्हणजे वस्तू दिसली की लगेच तिचा अर्थ लावायचा. छत्री आली की विमा, बल्ब आला की कल्पना, हिरवं पान आलं की पर्यावरण. ही समीकरणं इतकी गुळगुळीत झाली आहेत की बघणाऱ्याची नजर त्यांवरून घसरते.

गाडी रुळावर आली ती कपडे वाळत घालायच्या चिमट्यामुळे. दोन पाती आणि मधे स्प्रिंग. बाराव्या-तेराव्या रेखाटनापर्यंत नेहमीचंच उतरत होतं. मग हात अडला, म्हणून चिमटा उचलून उगाच दाबत बसले. मागची टोकं जवळ आली की पुढची उघडतात, सोडलं की मिटतात. तोवर मी चिमटा ‘कसा दिसतो’ ते काढत होते, तो ‘काय करतो’ ते काढलंच नव्हतं. पुढची रेखाटनं फक्त पकडीची झाली. तोंड वर करून चिमटा उभा धरला तर खाली फाकलेली दोन पाती, वर टेकलेली टोकं आणि मधे स्प्रिंग, म्हणजे इंग्रजी ‘ए’! तेव्हा हातात एका मध्यस्थी करणाऱ्या सल्लागाराचं काम होतं, नावही ‘ए’ने सुरू होणारं. दोन बाजू वेगळ्याच राहतात, पण एकमेकींना धरून असतात. याहून नेमकं काय हवं?

उत्साहात लोगो पाठवला. उत्तर आलं, “छान आहे, पण कंपासपेटीतलं करकटक का घेतलंय?”

बघितलं तर खरंच करकटक. स्प्रिंगचं वर्तुळ मी फार वर घेतलं होतं आणि पात्यांची टोकं अणकुचीदार केली होती. वर्तुळ ‘ए’च्या आडव्या रेघेच्या जागी उतरवलं, खालची टोकं बोथट केली, आणि दोरी बसायला पात्यांच्या आत जी गोल खाच असते ती कोऱ्या जागेत दाखवली. त्या खाचेनं काम केलं. तेव्हापासून दाखवायच्या आधी शेजारी बसलेल्याला विचारते, ‘हे काय आहे?’ आणि पुढे एक शब्द बोलत नाही.

वस्तू काय करते ते काढायचं, हे कळल्यावर नेहमीची उदाहरणंही वेगळी दिसू लागली. ॲपलचा पहिला, १९७६ चा लोगो म्हणजे झाडाखाली बसलेल्या न्यूटनचं तपशीलवार चित्र होतं. १९७७ मध्ये डिझायनर रॉब जानॉफ यांनी त्याजागी नुसतं सफरचंद आणलं आणि त्याचा एक चावा घेतला, कारण छोट्या आकारात ते चेरी वाटायला नको होतं. तो चावाही क्रियाच! मिशेलिन या टायर कंपनीचा टायरांनी बनलेला माणूस मला त्याहून आवडतो. १८९४ मध्ये फ्रान्समधल्या ल्यों शहरातल्या प्रदर्शनात रचलेली टायरांची चळत बघून एदुआर मिशेलिन यांना वाटलं, याला हात लावले की माणूस झाला. १८९८ मध्ये तो पोस्टरवर आला. टायर तेव्हा काळे नसायचे, म्हणून तो पांढरा. उलट फेडेक्स या कुरिअर कंपनीच्या लोगोतला बाण. १९९४ मध्ये डिझायनर लिंडन लीडर यांनी तो कुठून आणून चिकटवला नाही. ‘ई’ आणि ‘एक्स’च्या मधल्या कोऱ्या जागेत तो दिसला, मग अक्षरं त्याच्यासाठी घासूनपुसून घेतली.

संगणकाबद्दल थोडंच. एकदा रेखाटनाचा फोटो काढून इंकस्केप या चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये आपोआप ट्रेस केला, म्हणजे त्याच्या कडा रेघांत उतरवून घेतल्या. सावल्यांसकट शेकडो नोड, म्हणजे रेघेचा आकार ठरवणारे बिंदू, आले, ते निस्तरण्यात दुपार गेली. आता रेखाटनाचा फोटो खाली ठेवून वरून हातानेच पेन टूल, म्हणजे बिंदू ठेवत रेघ काढायचं साधन, चालवते. चिमट्याचा अंतिम लोगो चौदा नोडमध्ये बसला. रंग अगदी शेवटी, कारण काळ्या-पांढऱ्यात जे उभं राहत नाही ते रंगाने सावरत नाही. आणि बाजू निवडताना कंजुषी करू नये. वरून पाहिलेला पेला म्हणजे नुसतं वर्तुळ असतं.

या पद्धतीवर माझी खरी तक्रार वेगळीच आहे. साधी वस्तू सगळ्यांच्याच घरी असते, त्यामुळे तुम्हाला सुचलेलं दुसऱ्या कुणाला आधीच सुचलेलं असण्याचा संभव मोठा. एका सेफ्टी पिनवर मी आठवडाभर जीव टाकला होता. उघडी पिन आणि तिच्या वळणात दडलेलं अक्षर. मग जागतिक बौद्धिक संपदा संघटनेच्या ब्रँड डेटाबेसमध्ये चित्र टाकून शोधलं, तर जवळपास तेच कुणाच्या तरी नावावर नोंदलेलं. मुकाट्याने पान उलटलं. तिथे चित्रांची वर्गवारीही असते, १९७३ च्या व्हिएन्ना करारानुसार ठरलेली, त्यामुळे आपली वस्तू आधी कुणी कशी वापरली आहे ते पटकन चाळता येतं. हा शोध मी पूर्वी शेवटी घ्यायचे. आता गिऱ्हाइकाला दाखवायच्या आधी घेते.

ज्यांना उद्या लोगो द्यायचा आहे त्यांनी याच्या वाटेला जाऊ नये. पहिले तीन आठवडे काही हाती लागत नाही आणि घाईत तर नाहीच नाही. नुसत्या अक्षरांचा लोगो हवा असणाऱ्या कामांनाही याचा उपयोग बेताचाच झाला.

नवव्या महिन्यापासून एक बदल केला आहे. पहिली दहा रेखाटनं बोटाच्या पेराएवढ्या चौकटींत, पाच मिनिटांत उरकते. नेहमीचं जे उतरायचं ते तिथेच उतरून जातं, आणि ब्राउझरच्या टॅबवर सोळा पिक्सेलांत काय टिकेल याचा अंदाजही तिथेच येतो. उरलेल्या दहांसाठी मात्र वस्तू हातात लागते, समोर ठेवून भागत नाही.