थेक्सडर: नेम यंत्राचा, हिशेब आपला

‘थेक्सडर’ या जुन्या संगणकावरच्या खेळात नेम धरावा लागत नाही. बटण दाबले की यंत्रमानवाचा लेझर समोरच्या शत्रूंपैकी एखाद्याकडे आपोआप वळतो, आणि पहिली पाच मिनिटे खेळणाऱ्याला वाटते की हा खेळ लहान मुलांसाठीच केलेला असावा. पाच मिनिटांनंतर पडद्याखालच्या ऊर्जेच्या आकड्याकडे लक्ष जाते आणि आपण उधळपट्टी केल्याचे उमगते. लेझरही त्याच ऊर्जेवर चालतो, ढालही तीच ऊर्जा खाते आणि शत्रू अंगाला चिकटले तरी घट तिच्यातच होते. ती संपली की खेळ संपला.

जपानच्या गेम आर्ट्स या कंपनीने १९८५ साली एनईसीच्या पीसी-८८०१ या घरगुती संगणकासाठी हा खेळ काढला. जपानी उच्चार ‘तेगुझा’ असा आहे, पण आपल्याकडे ज्यांना तो माहीत आहे त्यांना बहुधा ‘थेक्सडर’ म्हणूनच, कारण १९८७ मध्ये अमेरिकेच्या सिएरा कंपनीने त्याची डॉसवरची, म्हणजे विंडोजच्या आधीच्या पीसींवरची, आवृत्ती आणली आणि तीच फ्लॉप्यांवरून हातोहात फिरली. नव्वदच्या सुरुवातीला मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक बाजारातून आणलेल्या अशाच एका फ्लॉपीवर मी तो प्रथम पाहिला. काकांच्या फोर्टमधल्या कार्यालयात शनिवारी दुपारी, काळ्या-हिरव्या पडद्यावर. संगणकाचा स्पीकर असा किंचाळायचा की शिपाईमामा दोनदा आत डोकावून गेले, आणि दुसऱ्या खेपेला ‘साहेब यायच्या आत बंद करा’ एवढेच म्हणाले.

गेल्या महिन्यात भाच्याने दुबईहून आणलेल्या निन्टेन्डोच्या ‘स्विच’ या खेळयंत्रावर मी पीसी-८८०१ची मूळ आवृत्ती सलग खेळलो. डी-फोर एंटरप्राइझने एगकन्सोल या जुन्या खेळांच्या मालिकेत ती आणली आहे. भारतात निन्टेन्डोचे अधिकृत ऑनलाइन दुकान नसल्यामुळे परदेशी खाते उघडून ती विकत घ्यावी लागते, हा व्याप आधीच सांगितलेला बरा.

मूळ यंत्राविषयी थोडे सांगायला हवे, कारण खेळाची खरी करामत तिथे आहे. पीसी-८८०१ला चार मेगाहर्ट्झचा झेड-८० जातीचा प्रोसेसर आणि ६४० बाय २०० ठिपक्यांच्या पडद्यावर आठ रंग, एवढेच भांडवल होते. पडद्यावरची हलती चित्रे स्वतंत्रपणे सरकवणारी यंत्रणा त्याच्यात नव्हती, म्हणजे हलणारी प्रत्येक गोष्ट प्रोग्रॅमनेच पुसून पुन्हा काढायची. अशा यंत्रावर भुयारांचे चक्रव्यूह दोन्ही दिशांनी सरकतात, शत्रूंचे थवे अंगावर येतात आणि मधोमध यंत्रमानव उडी मारता मारता विमान होतो. हे रूपांतर मी पुन:पुन्हा केवळ पाहण्यासाठी केले. पाय आत ओढले जातात, धड आडवे होते, पंख फुटतात. चित्रे मोजकीच आहेत, पण एकही वायफळ नाही.

विमान झाल्यावर वेग मिळतो आणि अरुंद बोळांतून शिरता येते, मात्र त्याला थांबता येत नाही. सबंध खेळातली मजा आणि मनस्ताप या एका नियमात आहेत. दादरला उतरायचे असताना चुकून चढलेल्या, तिथे न थांबणाऱ्या गाडीतल्यासारखी आपली अवस्था होते: हवे ते वळण डोळ्यांसमोरून निघून जाते आणि पुढच्या भिंतीवर आपटून परत फिरावे लागते. शिवाय विमानाचा लेझर फक्त समोरच जातो. आपोआप नेम हवा असेल तर यंत्रमानव व्हा आणि सावकाश चाला. वेग हवा असेल तर नेम विसरा. काही शत्रू मारले की ऊर्जा परत मिळते, काही मारून फक्त खर्च होतो. कोण कोणत्या जातीचा हे ओळखून एखाद्याला मुकाट्याने वळसा घालणे, हे मला तिसऱ्या टप्प्याशी जाऊन जमू लागले.

एकूण टप्पे सोळा आहेत, आणि इथे माझी तक्रार सुरू होते. उत्तरार्धात नवी कल्पना फारशी येत नाही; भिंतींचे रंग आणि शत्रूंची गर्दी वाढते, युक्त्या त्याच राहतात. कोणता बोळ बंद आहे हे तिथे जाऊन आपटल्याशिवाय कळत नाही, त्यामुळे कौशल्यापेक्षा पाठांतराला भाव येतो. स्विचवर हवे तिथे खेळ साठवून ठेवता येतो. मी ती सोय संकोच न करता वापरली आणि इतरांनीही वापरावी.

संगीताला मात्र नावे ठेवता येणार नाहीत. १९८५च्या जानेवारीत बाजारात आलेल्या पीसी-८८०१ एमके टू एसआर या सुधारित यंत्रात एफएम ध्वनीची, म्हणजे वाद्यांसारखे सूर तयार करणारी, चिप होती आणि खेळाने तिचा पुरेपूर उपयोग केला आहे. डॉसची आवृत्ती खेळायची असेल तर डॉसबॉक्स या, आजच्या संगणकावर जुने डॉसचे खेळ चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या मांडणीत यंत्राचा प्रकार ‘टँडी’ (त्या काळचा एक अमेरिकी संगणक) निवडावा. तीन सुरांत वाजणारा बेटहोव्हेनचा ‘मूनलाइट सोनाटा’ तेव्हा ऐकू येतो, आणि काकांच्या कार्यालयात ऐकलेली ती किंचाळी मुळात काय होती याचा मला इतक्या वर्षांनी उलगडा झाला.

दोन्हींपैकी एकच घ्यायची झाली तर मी मूळ पीसी-८८०१ची आवृत्ती घेईन. भाचा दुसऱ्याच टप्प्यात कंटाळून उठला. त्याने लेझरचे बटण एकदाही सोडले नव्हते.