रक्तपेशींचा ऑनलाइन कोर्स – घ्यावा का?
कोर्स भारी आहे, फक्त शेवटी शेवटी उरकाउरकी केलीये. एरिथ्रोपोएटिनचा व्हिडिओ तर बघाच, ऑक्सिजन कमी पडला की किडनी हे हार्मोन जास्त सोडते मग बोनमॅरोत (हाडांच्या आतल्या मगजात) लाल पेशी वाढतात, ऑक्सिजन पुरेसा झाला की हार्मोन पण कमी, हे सगळं स्क्रीनवर स्लायडर सरकवून बघता येतं त्यामुळे डोक्यात फिट्ट बसतं. सेकंदाला साधारण 20 लाख लाल पेशी बनतात, एकेक जेमतेम 120 दिवस टिकते, आणि ज्यांच्यापासून या पेशी बनतात त्या स्टेमसेल स्वतःचा साठा पण संपू देत नाहीत, कमालच ना! प्लेटलेट म्हणजे मेगाकॅरिओसाइटचे (बोनमॅरोतल्या मोठ्या पेशींचे) तुकडे, हे मात्र एका वाक्यात गुंडाळलंय, प्लेटलेट वाढवणाऱ्या थ्रोम्बोपोएटिन हार्मोनचं तर नावच नाही. क्विझ निव्वळ घोकंपट्टी. बायोलॉजी शिकत असाल तर बिनधास्त घ्या, 4 स्टार.