विदर्भातलं घर: कूलर की हीट पंपाचा एसी?

नवतपात पारा ४५च्या पुढे जातो, पण हवा कोरडी असते. म्हणून आपल्याकडे कूलर चालतो. पाणी उडताना हवेतली उष्णता शोषून घेतं, खोलीत येणारी हवा दहा-पंधरा अंशांनी उतरते. वीज साधारण २०० वॅट, म्हणजे लाइन गेली तरी घरच्या इन्व्हर्टरवर काही वेळ निभतं. कवेलूच्या, फटी असलेल्या घराला हाच बरा, कारण कूलरला खिडकी उघडीच लागते.

पण टाकी भरायला पाणी लागतं, तेही विहीर आटलेली असताना! गुंडभर पाण्यासाठी बाया दूर जातात, तिथं कूलरला पाणी ओतताना माझा जीव कासावीस होतो. मृग लागला की हवा दमट होते आणि कूलर नुसती चिकचिक वाढवतो.

हीट पंप म्हणजे उष्णता एकीकडून उचलून दुसरीकडे नेणारं यंत्र. हीट पंपाचा एसी ओलाव्यातही काम करतो, पाणी मागत नाही. दीड टनाचा एसी पूर्ण भारावर दीडेक हजार वॅट घेतो. खोली बंद हवी, व्होल्टेज धड हवं. टिनाखाली तो लावू नका, आधी वर छत करा. बाहेर फार तापलं की त्याचीही ताकद घटते. थंडीत मात्र उलटा फिरून ऊब देतो, तेवढ्यासाठी ‘हॉट अँड कोल्ड’ मॉडेलच घ्यावं लागतं.

आंघोळीच्या पाण्याला वेगळा हीट पंप येतो. २०० लिटर पाणी २० वरून ४५ अंशांवर न्यायला गीझरला जवळपास ६ युनिट लागतात, याला दोनेक. मोठ्या कुटुंबाला मी आधी हाच सुचवेन.