पॅनक्रियाजचा सीटी सांगितलाय? आधी फेज विचारा

बडोद्यातल्या दोन स्कॅन सेंटरांबद्दल लिहिते आहे. नावं मुद्दामच देत नाही.

ह्यांची साखर पहाटे पन्नासच्या खाली जायची. दरदरून घाम, जीभ जड, नजर अनोळखी. साखरेचं पाणी पाजलं की थोड्या वेळात माणूस ताळ्यावर. दांडिया बाजारात आमच्या शेजारी कुणी दृष्ट म्हणालं, कुणी ॲसिडिटी. हॉस्पिटलात देखरेखीखाली उपाशी ठेवून तपासलं, तेव्हा साखर तळाला आणि इन्सुलिन, सी-पेप्टाइड (शरीरात इन्सुलिनबरोबरच तयार होणारा घटक) मात्र चढेच. म्हणजे इन्सुलिनोमा, उगाचच इन्सुलिन सोडत राहणारी गाठ. स्वादुपिंडातली (पॅनक्रियाजमधली) ही गाठ बहुतेकदा 2 सेंटिमीटरहूनही लहान असते. ती नेमकी कुठे आहे, ते शोधायचं होतं.

पहिल्या सेंटरला पाचपैकी दोन गुण, तेही एसी आणि स्वच्छ बाथरूमचे. मशीन कोरं करकरीत, रिसेप्शनवरची मुलगी ‘काकी, बेसो ने’ म्हणत आदबीनं वागणारी. पण चिठ्ठीवर स्पष्ट ‘पॅनक्रियाज प्रोटोकॉल’ लिहिलेलं असताना त्यांनी पोटाचा नेहमीचा, एकाच फेजचा सीटी उरकला. फेज म्हणजे शिरेतून कॉन्ट्रास्ट (फोटोत उठून दिसणारं औषध) सोडल्यावर किती वेळानं फोटो काढायचा ती वेळ. या गाठीला रक्तपुरवठा भरपूर. कॉन्ट्रास्ट सोडल्यावर पाऊण मिनिटाच्या आसपास ती उजळून दिसते, मग आजूबाजूच्या भागात मिसळून जाते. उशिरा काढलेल्या फोटोत ती शोधणं म्हणजे वरात गेल्यावर मांडवात नवरा शोधणं. रिपोर्ट आला ‘नॉर्मल’. विचारायला गेले तर म्हणे, मॅडम, आपलं मशीन 128 स्लाइसचं आहे. अहो, असेल ना, पण वेळ गाठायला नको?

दुसऱ्या सेंटरला साडेचार. जिना अरुंद, पार्किंग नावालाच. पण रेडिओलॉजिस्ट स्वतः बाहेर आले, जुनी सीडी पाहिली, क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) विचारलं. स्कॅनसाठी उपाशी राहायचं आणि ह्यांना तर उपास म्हणजे संकट, म्हणून ग्लुकोजची बाटली आधीच लावून घेतली. हे पहिल्या ठिकाणी कुणाला सुचलं नव्हतं. इथे एमआरआय केला. त्यात क्ष-किरण नाहीत आणि सीटीत निसटलेली लहान गाठ कधीकधी सापडते, पण ‘श्वास घ्या, धरा, सोडा’ ऐकत बराच वेळ बोगद्यात पडून राहावं लागतं. हे बाहेर आले ते वैतागूनच. स्वादुपिंडाच्या मानेशी एक संशयाचा ठिपका मिळाला.

मग भाचेजावयांनी धोशा लावला, ‘मामी, सरळ डोटा पेट करा, सगळ्यात भारी तेच.’ भारी आहेच. हार्मोन सोडणाऱ्या पेशींच्या अशा बहुतेक गाठींवर सोमॅटोस्टॅटिन या हार्मोनचे रिसेप्टर (त्याला चिकटू देणाऱ्या जागा) असतात, गॅलियम-68 हा किरणोत्सारी पदार्थ लावलेलं औषध तिथे जाऊन चिकटतं आणि गाठ कुठवर पसरलीय तेही कळतं. पण इन्सुलिनोमावर ते रिसेप्टर पुष्कळदा कमी असतात, त्यामुळे स्कॅन कोराही येऊ शकतो. त्यासाठी एक्सेंडिन पेट (इन्सुलिनोमावरच्या वेगळ्या रिसेप्टरला चिकटणाऱ्या औषधाचा स्कॅन) जास्त कामाचा, पण तो सगळीकडे होत नाही. आमच्या डॉक्टरांनी हे कागदावर चित्र काढून समजावलं आणि डोटाऐवजी ईयूएस सांगितलं.

ईयूएस म्हणजे तोंडातून जठरात दुर्बीण घालून आतूनच सोनोग्राफी. भूल देतात, घसा दुसऱ्या दिवशीपर्यंत खवखवतो. पण गाठ दिसली, 12 मिलिमीटरची, आणि स्वादुपिंडाच्या मुख्य नळीपासून किती लांब आहे तेही मोजता आलं. नुसती गाठ सोलून काढायची की स्वादुपिंडाचा तुकडाही, हे सर्जन त्या अंतरावरून ठरवणार होते. शेपटाकडच्या गाठींना मात्र ईयूएस कमी पडू शकतं.

दुसऱ्या सेंटरचा अर्धा गुण कापला तो सीडीपायी. फिल्म हातात दिल्या, सीडीसाठी पुन्हा हेलपाटा. सर्जननी फिल्मकडे पाहिलंही नाही, त्यांना सीडीच हवी होती. तेव्हा पैसे भरतानाच मागून ठेवा.